आवरण

वेदान्ताने आवरण हा शब्द ज्या काळजीने योजला आहे, ती काळजी मनात धरून आज एका अगदी व्यवहारातल्या व्याधीकडे पाहू. महाडच्या बाजारपेठेतला फोटो स्टुडिओ असो, पोलादपूरमधले दाखले काढून देणारे केंद्र असो वा बिरवाडीकडच्या एखाद्या कारखान्याचे कार्यालय असो, संगणकाचा डी ड्राइव्ह उघडायला जावे, तो उघडू नये, पडद्यावर नकाराचा चौकोन यावा आणि वर्षानुवर्षांचे काम त्या चौकोनाआड उभे असावे, अशी वेळ कधी ना कधी येते. अशा वेळी तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘गेले सगळे’. हा उद्गार घाईचा आहे. झाकले जाणे वेगळे आणि नाहीसे होणे वेगळे, आणि आवरण म्हणजे काय हे ज्याला समजले तो या दोहोंत गल्लत करीत नाही.

आपल्याच महाड तालुक्यात याची साक्ष आहे. समर्थांच्या दासबोधाची जन्मभूमी म्हणून आपण शिवथरघळीपुढे हात जोडतो, पण ती घळ मधल्या काळात लोकांच्या स्मरणातून निघून गेली होती आणि 1930 साली धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी ती शोधून काढली. घळ जागची हलली नव्हती, पुढचा धबधबा दर पावसाळ्यात कोसळतच होता. आवरण होते ते आपल्या जाणिवेवर. वस्तूला आवरणाचा स्पर्शही नसतो, पाहणाऱ्याची वाट तेवढी अडते.

आता ड्राइव्ह अडवणारा व्हायरस पाहा. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संगणक स्वतःविषयीचे नियम जिथे लिहून ठेवतो त्या वहीत, ड्राइव्ह पाहण्यास मनाई करणारी एक नोंद करता येते. तिथे 67108863 ही संख्या लिहिली की ए पासून झेडपर्यंतची 26 ही दारे एकदम बंद होतात, कारण प्रत्येक अक्षराला दोनाचा एकेक घात नेमून दिलेला आहे आणि त्या साऱ्यांची बेरीज एवढीच येते. काही व्हायरस ही सोय हेरून नेमकी तीच नोंद करून ठेवतात. आत लग्नांचे फोटो, सातबाऱ्यांच्या प्रती, मजुरीचे हिशेब जसेच्या तसे असतात, त्यांतले एक अक्षरही बदललेले नसते. एका संख्येचे आवरण तेवढे पडलेले असते आणि ती नोंद काढली की दार उघडते. अशा वेळी घाबरून ‘फॉरमॅट मारा’ म्हणणे हा वस्तूवर झालेला अन्याय आहे, कारण जे व्हायरसने केले नव्हते ते आपण आपल्या हाताने करतो.

परंतु आवरण एकटे येत नाही. शास्त्राने मायेच्या दोन शक्ती सांगितल्या: आवरण खरे झाकते आणि विक्षेप त्या जागी खोटे उभे करतो, अंधारात दोरी दिसत नाही एवढ्यावर भागत नाही, तिथे साप दिसू लागतो. पेन ड्राइव्हमधून पसरणारा शॉर्टकट व्हायरस हेच करतो. तो खऱ्या फोल्डरांवर ‘लपलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ अशा खुणा मारून त्यांना दृष्टीआड करतो आणि त्याच नावाचे, त्याच पिवळ्या चित्राचे खोटे फोल्डर समोर मांडतो. आपण ओळखीच्या नावावर विश्वास ठेवून ते उघडतो आणि आपल्याच हाताने रोग पुढे चालवतो. पूर्वी ड्राइव्हच्या मुळाशी ऑटोरन नावाची लहानशी फाइल ठेवण्याची युक्ती फार चाले. ड्राइव्हवर दोनदा क्लिक केले की ड्राइव्ह उघडण्याआधी व्हायरस जागा होई. फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद केली, तेव्हा तो मार्ग बराच आटला.

निवारणाच्या कामात याच ऑटोरनने एक सूक्ष्म गोष्ट शिकवली. अँटिव्हायरस मूळ व्हायरस काढून टाकी, पण ती छोटी फाइल मागे राही आणि ड्राइव्ह तरीही उघडत नसे, कारण प्रत्येक क्लिकला संगणक त्या निघून गेलेल्याला हाक मारीत राही आणि तो न सापडल्याने थबके. दोष गेला आणि संस्कार उरला! साधकाला ही अवस्था परिचित आहे. म्हणून जाणता दुरुस्तीवाला व्हायरस निघाल्यावरही थांबत नाही. तो ऑटोरन पुसतो, रजिस्ट्रीतली त्याची आठवण पुसतो, अ‍ॅट्रिब या जुन्या आज्ञेने फोल्डरांवरची लपवल्याची खूण उतरवतो, आणि मगच आवरण पुरते दूर झाले असे मानतो.

आणि हे काम तो शक्यतो त्या संगणकाच्या आतून करीत नाही. ज्याचे पाहणेच दूषित झाले त्याला स्वतःचा दोष कसा दिसावा? व्हायरस चालू असलेला संगणक ‘लपलेल्या फाइली दाखव’ म्हटले तरी दाखवीत नाही, टास्क मॅनेजर उघडू देत नाही. तेव्हा एकतर सेफ मोडमध्ये, म्हणजे नितान्त आवश्यक तेवढीच सामग्री जागी ठेवून, त्याला उठवावे लागते, किंवा स्वच्छ डिस्कवरून दुसरीच प्रणाली सुरू करून त्या ड्राइव्हकडे बाहेरून पाहावे लागते. लिनक्सच्या डिस्कवरून पाहिले तर विंडोजचा व्हायरस तिथे नुसता निद्रिस्त मजकूर असतो, त्याला हुकूम चालवता येत नाही. आपल्या परंपरेने ज्याला साक्षी म्हटले, त्याचे लक्षण हेच की तो पाहतो आणि गुंतत नाही. आवरण साक्षीपुढे टिकत नाही.

इथवरचा विचार धीर देणारा आहे, पण तो अर्धाच सांगून सोडला तर फसवणूक होईल. 27 जून 2017 रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे संगणक एकाएकी थांबले आणि कंटेनरची ये-जा ठप्प झाली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला नॉटपेट्या हा व्हायरस जगभर पसरला होता. तो ड्राइव्हच्या आरंभीचे मास्टर बूट रेकॉर्ड बदली, कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारा तक्ता कुलूपबंद करी, आणि हे चालू असताना पडद्यावर मात्र ‘डिस्क दुरुस्त होत आहे’ असे लिहून दाखवी. विक्षेपाचे याहून क्रूर उदाहरण मला ठाऊक नाही. 2016 च्या मूळ पेट्या व्हायरसच्या कुलपाला किल्ली होती, ती पुढे त्याच्या कर्त्याने उघडही केली. नॉटपेट्या रूपाने तसाच दिसे, खंडणीही मागे, परंतु त्याने किल्ली राखलीच नव्हती. ते आवरणाचे सोंग घेतलेले हनन होते, आणि तिथे विवेकाने पडदा दूर करून काही हाती लागणार नव्हते.

मग मर्स्क सावरली कशी? तिचे सुमारे 45,000 संगणक आणि 4,000 सर्व्हर दहा दिवसांत पुन्हा उभे राहिले, आणि त्या उभारणीला लागणारी एक कळीची प्रत आफ्रिकेतल्या घाना देशात सापडली, कारण तिथे वीज गेल्यामुळे ती प्रत असलेला संगणक हल्ल्याच्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी कुलूप घालणारा व्हायरस, आले आणि कार्यालयांचे काम थांबले, तेव्हाही वेगळ्या जागी ठेवलेल्या प्रतींचाच आधार होता. आवरण वाटेवर पडते. जी प्रत त्या वाटेवरच नाही तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. त्याच वर्षीच्या जुलैत सावित्रीच्या पुराने महाडचे तळमजले बुडवले, म्हणून आपल्या मुलखात ही प्रत जाळ्यापासून तुटलेली हवी आणि पुराच्या रेषेच्या वरही हवी.

तेव्हा वाचकहो, ड्राइव्ह उघडेनासा झाला तर प्रथम संगणक बंद करा, जाळ्याची तार काढा आणि त्यात नवे काही लिहू नका. फॉरमॅटचा निर्णय जाणत्याने बाहेरून पाहिल्यावरच घ्या. कुलूप खंडणीचे असेल तर पैसे देऊ नका, सायबर पोलिसांकडे तक्रार करा आणि युरोपोल व डच पोलिसांनी भागीदारांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात त्या कुलपाची किल्ली आहे का ते तपासून घ्या, ती तिथे विनामूल्य मिळते. आणि ज्यांचे ड्राइव्ह आज सुखरूप उघडत आहेत त्यांनी या आठवड्यातच एक प्रत काढून दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी.