मूत्रपिंडाची राखण आतड्यापासून

मधुमेह मूत्रपिंडात शिरतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. पायांवर सूज दिसू लागते, डॉक्टर ‘क्रिएटिनिन वाढलंय’ म्हणतात, तोवर पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. त्यामुळे जपानमधल्या सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांडलेली गोष्ट मला फार आशेची वाटते.

डाळ, दूध, मासे यांतल्या प्रथिनांत टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल असते. आतड्यातले काही जिवाणू त्याचे फिनॉल करतात. यकृतात त्याचे फिनाइल सल्फेट होते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाकडे येते. मधुमेहाने थकलेल्या शरीरात मात्र हेच द्रव्य साठते आणि मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पेशींना इजा करते. मधुमेही उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन जास्त जाऊ लागले.

मग उपाय कुठे करायचा? फिनॉल बनवणारे विकर जिवाणूंकडे असते, माणसाच्या पेशींकडे नसते. संशोधकांनी नेमके तेच विकर अडवणारे संयुग मधुमेही उंदरांना दिले. फिनाइल सल्फेट घटले आणि लघवीतले अल्ब्युमिनही घटले. अँटिबायोटिकसारखा सगळ्या जिवाणूंवर वार करण्याची गरज नाही, त्यांच्या एकाच कामाला अटकाव पुरतो. मूत्रपिंडाचा रोग त्याच्यापासून इतक्या दूर, आतड्यात अडवता येऊ शकतो, हा विचारच मोठा आहे.

याच आतड्यात राखण करणारे जिवाणूही राहतात. भाज्या, कडधान्ये, भरडधान्ये यांतला चोथा आंबवून ते ब्युटिरेट, अ‍ॅसिटेट अशी लहान आम्ले बनवतात. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत चोथायुक्त आहारावरच्या मधुमेही उंदरांची मूत्रपिंडे अधिक चांगली टिकली.

पण हे प्रयोग उंदरांवरचे. माणसाच्या हाती ते औषध अजून यायचे आहे. तोवर ‘किडनी साफ करणाऱ्या’ चूर्णांच्या आणि बाटल्यांच्या नादी कुणी लागू नये. मूत्रपिंड आधीच दुबळे झाले असेल, तर पालेभाज्या-फळांचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण त्यांतले पोटॅशियम रक्तात साठू शकते.

भारतात आज दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखर तपासणारे पुष्कळ, लघवीतले अल्ब्युमिन तपासणारे थोडे, याचे मला खरोखर वाईट वाटते. घरात कुणाला मधुमेह असेल, तर दरवर्षी सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी करून घ्या. आकडा ३० मिलिग्रॅम/ग्रॅमच्या वर आला, तर पुन्हा तपासून लगेच डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाची झीज मंदावणारी औषधे आज उपलब्ध आहेत, आणि ती लवकर सुरू झाली तरच त्यांचा पुरेपूर उपयोग होतो.