दुखणं कुठं असतं?

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही घरच्यांनी ठरवलं, त्याला सांगायचं नाही. "गाठ आहे, बरी होईल," एवढंच. पुढं मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी. ठणका उतरला, पण दादा रात्रभर आढ्याकडं बघत जागाच.

घरी येणाऱ्या नर्सबाई एकदा घोंगडीवर बसून म्हणाल्या, "दादा, रात्री मनात काय येतं?"

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला काय झालंय ते ठावं आहे. ह्यांना वाईट वाटंल म्हणून बोलत नाही. चुलतभावाचा बांध मी हातभर कोरलाय. तेवढं मिटवायचंय."

म्हणजे आम्ही त्याच्यापासून लपवत होतो आणि तो आमच्यापासून.

बाईंनीच सांगितलं, सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी १९६७ साली लंडनमध्ये अशा रोग्यांसाठी रुग्णालय काढलं. त्या सांगत, दुखणं नुसतं अंगाचं नसतं; मनाचं, घरादाराचं, देवाधर्माचंही असतं.

चुलतभावाला बोलावलं. बांधाचं ऐकून घेतलं आणि तो दादाचे पाय चेपत बसला. त्या रात्री दादाला झोप लागली. रोग होता तिथंच होता.

न सांगणं ही माया, असं आपण म्हणतो. असेलही. पण त्यात निम्मी भीती आपलीच असते. सगळ्यांनाच सगळं ऐकायचं असतं असंही नाही. म्हणून आधी विचारावं. बैलाचा खांदा आला तर आपण हात फिरवून बघतो. माणसाला निदान विचारावं तरी.