पाहुण्याचा धर्म

अक्कलकोटहून गाणगापूरकडे जाताना वाटेत मैंदर्गी लागतं. इथे मराठी आणि कन्नड एकाच घरात, कधी एकाच वाक्यात नांदतात. एका उन्हाळ्यात आमची गाडी या गावाजवळ पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या घरातून एका आज्जींनी मला हाक मारली, ‘बा तम्मा, कुंद्रु.’ ये बाळा, बस. पाठोपाठ पाण्याचा तांब्या, कडक भाकरी आणि शेंगा चटणी आली.

माझ्या सॅकमध्ये सीलबंद पाण्याची बाटली होती. ‘नको आज्जी, जेवण झालंय,’ मी म्हणालो. ते खोटं होतं. आज्जींनी आग्रह केला नाही. ताट तिथंच ठेवलं आणि त्या आत गेल्या.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. परक्याला घरात घेणं म्हणजे ख्रिस्तालाच घेणं, ही मत्तयच्या शुभवर्तमानातली शिकवण लहानपणापासून कानावर पडलेली. त्यामुळे आदरातिथ्य म्हणजे देणं, एवढंच डोक्यात पक्कं बसलं होतं. पण प्रवासात आपल्याकडे ना घर असतं ना चूल. मग तिथे श्रद्धा दिसणार कशातून?

लूकच्या शुभवर्तमानात याचं उत्तर आहे. येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो तेव्हा थैली, झोळी, वहाणा काहीच बरोबर घेऊ देत नाही. समोर वाढतील ते खा, म्हणतो. वर आणखी एक सूचना देतो: घरं बदलत फिरू नका. म्हणजे गरिबाची भाकरी मिळाल्यावर शेजारच्या वाड्यातल्या पक्वान्नाकडे बघू नका. हे सगळं पाहुण्याला सांगितलेलं आहे, यजमानाला नाही.

आपल्याकडे देण्यापेक्षा घेणं जास्त अवघड होतं, कारण मध्ये जात होती. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या काळात त्या पतीकडे राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. मग जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच छडा लावला आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवलं. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. लक्षात घ्या, हे बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. त्यांचं पहिलं पाऊल दान देण्याचं नव्हतं. दुसऱ्याच्या हातून घेण्याचं होतं.

मैंदर्गीत बसल्या बसल्या मला माझ्या बाटलीची शंका आली. पोट बिघडण्याची भीती खरी असते, मान्य. पण मी ‘मला बाहेरचं पाणी चालत नाही’ असं खरं का बोललो नाही? कारण मला पाणीच टाळायचं नव्हतं, उपकारही टाळायचे होते. कुणाचं काही लागू नये अशा बेताने मी प्रवासाला निघालो होतो. तेही एक सोवळंच.

अर्थात, प्रत्येक पाहुणचार निर्मळ नसतो. काही जण वाढता वाढता आपला पक्ष, आपला पंथही ताटात वाढतात. आम्ही ख्रिस्ती लोकही याला अपवाद नाही. इथे माझी कसोटी साधी आहे: यजमानाने ‘नको’ म्हणायला जागा ठेवली का? आज्जींनी ठेवली होती. म्हणूनच मला ‘हो’ म्हणता आलं.

लूकमध्येच अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट आहे. दोन वाटसरू एका अनोळखी सोबत्याला मुक्कामाचा आग्रह करतात. जेवायला बसल्यावर मात्र भाकरी मोडून देतो तो पाहुणाच, आणि तेव्हाच त्यांना तो कोण आहे हे कळतं. यजमान कोण, पाहुणा कोण, हा हिशेब तिथेच संपतो.

मी भाकरी खाल्ली. तांब्यातलं पाणी प्यायलो. निघताना पैसे द्यायला फोन काढला, तर आज्जींनी हातानेच नको म्हटलं. या भागातल्या लिंगायत परंपरेत अशा वाढण्याला ‘दासोह’ म्हणतात. त्यात देणारा स्वतःला दाता नव्हे, सेवक मानतो. आज्जींच्या मनात तो शब्द होता का, मी विचारलं नाही. ‘जेवण झालंय’ हे खोटं होतं, एवढं मात्र त्यांना सांगितलं.

‘ठाव होतं की,’ त्या म्हणाल्या.