वीस मिलिमीटरचा हिशोब

चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा आणि दगडांच्या सांध्यांत भरायचा. मग हा मसाला हवेतला तोच वायू सावकाश परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. आपले गडकोट या रसायनावर उभे आहेत. कोकणात दगडाऐवजी शिंपले भाजत, एवढाच फरक. भट्टीत जाळलेल्या लाकडाचा धूर सोडला, तर दगडाने गमावलेला कार्बन भिंतीत बऱ्याच अंशी परत येतो आणि तो परत येणे म्हणजेच भिंत मजबूत होणे.

सिमेंटची सुरुवातही चुनखडीनेच होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुरा पट्ट्यात खाणी आणि कारखाने शेजारी शेजारी आहेत ते त्यामुळेच. भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला क्लिंकर, म्हणजे दळले की सिमेंट होणारे द्रव्य, तयार होते. एक टन क्लिंकरमागे निव्वळ दगडातूनच अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. इंधनाचा धूर वेगळा. भट्टी उद्या संपूर्ण सौरऊर्जेवर चालवली, तरी दगडातला वायू बाहेर पडायचा तो पडणारच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो.

हा वायू काँक्रीटमध्येही परत शिरतो. अभियंते त्याला कार्बोनेशन म्हणतात आणि त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. गंमत अशी की काँक्रीटचे त्यात फारसे बिघडत नाही. साध्या सिमेंटचे असेल तर त्याचा पृष्ठभाग उलट थोडा घट्ट होतो, इतका की जुन्या इमारतीवर ताकद जोखणारा रिबाउंड हॅमर मारला तर आकडे फुगलेले येतात आणि सोसायटीचे सभासद खूश होतात. बिघडते ते आतल्या सळईचे. ताज्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर एक अतिपातळ संरक्षक थर टिकून राहतो. कार्बोनेशनने सामू नऊच्या खाली उतरला की तो थर जातो. मग ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज चढतो, गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, आणि छताचे पोपडे जमिनीवर येतात. म्हणजे चुन्याच्या भिंतीला तारणारी क्रिया आरसीसीला मारते, कारण आपण दगडाच्या पोटात लोखंड घातले आहे.

मुंबईची हवा या कामी फार सोयीची. काँक्रीटची छिद्रे पाण्याने भरलेली असली तर वायू आत सरकत नाही आणि अगदी कोरडी असली तर रासायनिक क्रिया होत नाही. मधल्या दमटपणात ती सर्वांत वेगाने चालते. कोरड्या महिन्यांत वायू आत सरकतो आणि पावसाळा गंजाला लागणारे पाणी पुरवतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड याच्या जोडीला.

खरा मुद्दा कव्हरचा आहे. सळई आणि हवा यांच्यामधला काँक्रीटचा थर म्हणजे कव्हर. कार्बोनेशनची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वायूला २० मिलिमीटर आत जायला ४० वर्षे लागत असतील, तर १० मिलिमीटरला १० वर्षे पुरतात आणि ३० मिलिमीटरला ९० लागतात. आयएस ४५६ या भारतीय मानकात सौम्य वातावरणासाठी २० आणि समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर कव्हर सांगितले आहे. नकाशावर हे आकडे बिनचूक असतात. साइटवर मात्र कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा सरकवलेला असतो, काँक्रीट ओतताना माणसे सळयांच्या जाळीवर चालतात, जाळी खाली बसते, कव्हर निम्मे होते आणि निम्मे आयुष्य नव्हे, पाऊण आयुष्य तिथेच जाते.

आता हरित सिमेंटकडे वळू. फ्लाय अ‍ॅश, स्लॅग किंवा भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून क्लिंकर कमी करायचे, ही दिशा योग्यच आहे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातल्या आयआयटींच्या संशोधनातून पुढे आलेल्या एलसी-थ्री सिमेंटमध्ये क्लिंकर सुमारे निम्मेच असते. अशी सिमेंटे क्लोराइडला चांगली अडवतात. पण त्यांत वायूला थोपवणारा चुना कमी असतो, त्यामुळे कार्बोनेशनपासून बचाव छिद्रांच्या बारीकपणावरच अवलंबून राहतो आणि तो बारीकपणा क्युअरिंगशिवाय येत नाही. मानकात साध्या सिमेंटला किमान ७ आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा सांगितला आहे. स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवतात, ते ठीक. कॉलमला मात्र गोणपाट गुंडाळून दिवसातून दोनदा पाइप फिरवला की ‘पाणी मारलं’ अशी नोंद होते. कारखान्याने वाचवलेला कार्बन टिकतो की वाया जातो, हे त्या बिगाऱ्याच्या पाइपवर ठरते, आणि हरित इमारतीच्या प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख मला तरी कधी दिसला नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: काँक्रीट कार्बन शोषते, मग काळजी कसली? २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १९३० ते २०१३ या काळात सिमेंटच्या वस्तूंनी शोषलेला कार्बन हा चुनखडीतून निघालेल्या कार्बनच्या ४३ टक्के भरतो. आकडा मोठा आहे. पण त्यात मोठा वाटा पातळ थरांत वापरलेल्या प्लास्टर-मसाल्याचा आहे, आणि तिथे सळई नसते. बिनसळईच्या ब्लॉकमध्ये मुद्दाम कार्बन डायऑक्साइड कोंडून ते पक्के करणे शहाणपणाचे आहे. कॉलमकडून तीच अपेक्षा ठेवणे नाही.

त्यामुळे टिकाऊपणा आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय मला वाटत नाहीत. चाळीस वर्षांत पाडलेल्या इमारतीचे क्लिंकर शंभर वर्षांत किमान दोनदा भाजावे लागते. आपण मात्र ताकद मोजतो: २८ दिवसांनी क्यूब फोडायचा, आकडा आला की बिल पास. ताकदीवरून कव्हर कळत नाही, क्युअरिंगही पुरते कळत नाही. स्लॅब न फोडता सळईची खोली दाखवणारे कव्हर मीटर हे हातात धरण्याजोगे यंत्र आहे. मुंबईत ३० वर्षे झालेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावे लागते. त्यात कोअर काढून फिनॉल्फथॅलिन शिंपडतात आणि गुलाबी न होणारा, म्हणजे कार्बोनेशन झालेला, भाग किती खोल गेला ते पाहतात. कव्हर मीटरचे वाचन ताबा देतानाच्या कागदपत्रांना जोडणे सक्तीचे केले, तर ऑडिटमध्ये तीस वर्षांनी उघडकीला येणारी गोष्ट कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघण्याआधी कळेल.