एकच खोटे, बाकी चोख हिशेब

श्रीकृष्ण रुक्मिणीला घेऊन गेला तेव्हा तिचा भाऊ रुक्मी याने प्रतिज्ञा केली, की कृष्णाला जिंकल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही. तो हरला. घराची वाट आता त्याच्याच शब्दाने बंद झाली होती. म्हणून त्याने वेगळे नगर वसवले, भोजकट. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळची आपली भातकुली, असे परंपरा मानते. या कथेत मला रचनेची एक शिस्त दिसते. अट एकदा घातली की सांगणाऱ्यालाही ती मोडता येत नाही. पुढचे सगळे तिच्यातूनच यावे लागते.

याच शिस्तीवर दोन लेखनप्रकार उभे आहेत, आणि आपण त्यांना उगाच लांब ठेवले आहे. एक विनोद, दुसरी विज्ञानकथा. विनोद जेवण झाल्यावर ऐकायचा आणि विज्ञानकथा शाळेच्या प्रदर्शनात ठेवायची, अशी आपली समजूत. पण कारागिरी एकच आहे. लेखकाने एकच खोटी गोष्ट गृहीत धरायची आणि तिच्यानंतरचा हिशेब चोख ठेवायचा.

याचा पुरावा जीन कून या अमेरिकी लेखक-निर्मात्याच्या कारकिर्दीत सापडतो. जन्म १९२४ चा. सैन्यात राहून आलेला माणूस. टेलिव्हिजनसाठी त्याने घोडेस्वारांच्या साहसकथा लिहिल्या, आरमारातल्या खोडकर मंडळींची 'मॅकहेल्स नेव्ही' ही विनोदी मालिका घडवण्यात त्याचा हात होता. १९६६ मध्ये तो 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या विज्ञानकथा-मालिकेचा निर्माता झाला. विनोदाचा माणूस अंतराळात काय करणार? त्याने तिथे आपली जुनी शिस्तच नेली. त्याने स्वतः लिहिलेल्या एका भागात खाणीतला एक दगडी प्राणी कामगारांना मारत असतो. हा प्राणी सिलिकॉनचा, एवढेच एक गृहीतक. मग त्याची अंडीही दगडी गोळ्यांसारखीच असणार, आणि कामगार ती बिनकामाची समजून फोडत असणार. राक्षस वाटलेली ती आई निघते. हे वळण लेखकाने बाहेरून आणलेले नाही. ते पहिल्या गृहीतकातच दडलेले होते.

त्याच्याच निर्मितीकाळात डेव्हिड जेरॉल्ड या तरुण लेखकाचा एक भाग २९ डिसेंबर १९६७ रोजी दाखवला गेला. त्यात ट्रिबल नावाचे केसाळ, गोंडस प्राणी आहेत. खायला मिळाले की ते पिल्ले घालतात, बारा तासांत सरासरी दहा. त्यातला एक धान्याच्या गोदामात शिरतो. तीन दिवसांनी किती झाले? एकाचे अकरा, अकरांचे एकशे एकवीस, असे सहा वेळा अकराने गुणत जा: १७,७१,५६१. मालिकेतला स्पॉक हाच आकडा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो. कप्तान गोदामाचे दार उघडतो आणि त्या ढिगाखाली गाडला जातो. लोक पोट धरून हसतात, पण त्यांना हसवले ते गुणाकाराने. पुढे त्यातले बरेच प्राणी मेलेले आढळतात, आणि त्यावरूनच धान्यात विष कालवल्याचे कळते. ज्याच्या घरात चण्याची पोती थप्पीला लागलेली असतात, त्या वऱ्हाडी माणसाला ही गोष्ट फोडून सांगावी लागणार नाही.

मराठीत हे झाले आहे, पण कागदावर. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. पुढे त्यांनी लिहिलेल्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत एकच गोष्ट बदलते: १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात, देशाचा इतिहास दुसऱ्याच वाटेने जातो. त्या वाटेवरच्या समाजाने सभांना अध्यक्ष नेमण्याची पद्धतच बंद केली आहे. आणि आपल्या जगातून तिथे जाऊन पोहोचलेले आमचे गंगाधरपंत, सभांचे सवयीचे अध्यक्ष, रिकामी खुर्ची दिसताच व्यासपीठावर चढून भाषण सुरू करतात! श्रोते त्यांना पळवून लावतात. इतक्या गंभीर कथेत हे हसू शोभून दिसते, कारण तेही त्याच गोळीच्या हिशेबातले आहे.

मग टेलिव्हिजनवर हे का रुजले नाही? १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत भारतीय टेलिव्हिजन सुरू झाले. त्याच्या अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. 'गुळाचा गणपती'चे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय हे सारे एकट्याने पेलणारा माणूस. म्हणजे लेखक आणि निर्माता एकाच देहात असण्याची परंपरा आपल्याला अगदी आरंभी मिळाली होती. पुढे दैनंदिन मालिकांत कथा एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे, संवाद तिसऱ्याकडे गेले. सोमवारी घातलेली अट गुरुवारी कुणाला आठवत नाही. अट सांभाळणारा धनीच नसेल तर विनोद आचरट होतो आणि विज्ञानकथेची जादूटोण्याची गोष्ट होते.

हीच शिस्त घरच्या मातीत लावून पाहा. भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारे. ते पिकाला देत राहिले तर काळी माती बिघडते. आता एवढेच खोटे धरा, की एका सकाळी इथल्या एकाच विहिरीचे पाणी गोड झाले. "काहून गा, खरंच गोडं हाय का?" म्हणत अर्धे गाव काठावर. त्या घरच्या पोरासाठी सोयरिकी येऊ लागतील. वाटणीत ती विहीर नको म्हणणारा भाऊ कोर्टाची पायरी चढेल. टँकरवाला नवसाला जाईल. भूजलवाले नमुने नेतील, आणि क्षार गेले कुठे हा प्रश्न शेजारच्या धुऱ्यापर्यंत पोहोचेल. तिथे एका शेताची पऱ्हाटी पिवळी पडत असेल. हसू आणि विज्ञान इथे वेगळे काढून दाखवा. मला ते जमत नाही.

अमरावती, अकोल्याकडच्या तरुण लेखकांना माझे सांगणे आहे. टीव्हीने वऱ्हाडी बोली उचलली ती बहुतेक वेळा नुसती हसण्यासाठी. तुम्ही तिला गृहीतक द्या, हिशेब द्या आणि शेवटच्या भागापर्यंत लेखणी स्वतःच्या हातात ठेवा. अशी मालिका मराठीत व्हायला हवी, आणि ती खारपाणपट्ट्यातूनच यावी.