आरशातील मुख आणि कपाळावरील तेल

मेलिसा फिशर ह्या ब्रिटिश कलावतीने अगर ह्या पदार्थात स्वत:च्या चेहऱ्याची प्रतिकृती घडवली. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा थिजणारा पदार्थ प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी वापरतात. आपल्याच त्वचेवरील जंतू तिने त्या मुखवट्यावर वाढू दिले आणि त्या नितळ चेहऱ्यावर ठिपके व डाग पसरत गेले. २०१५ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे ईडन प्रोजेक्टच्या प्रदर्शनात ही कलाकृती मांडली गेली.

तिचे नुसते छायाचित्र पाहूनही किळस येते. परंतु किळस कशाची? ते जंतू बाहेरून आलेले नव्हते. ज्या गालांवर आपण प्रेमाने हात फिरवतो, त्याच गालांवर ते नांदत होते. निष्कलंक, कालातीत त्वचेचे स्वप्न विकणाऱ्या प्रसाधन-उद्योगाला ह्या मुखवट्याने दिलेले उत्तर आम्हांला मार्मिक वाटते. देह ही बंद कुपी नव्हे. ती एक वस्ती आहे आणि तिच्यात बदल हा ठरलेलाच.

ह्यात एक विपर्यासही आहे. जंतूंना शत्रू मानणारे सौंदर्यशास्त्र चिरतारुण्यासाठी एका जंतूच्याच विषाला शरण गेले आहे. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी एका अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांना डुकराच्या खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञाने त्या घटनेतून बोट्युलिझमचा जंतू शोधून काढला. त्याचे विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणावरील उपचार म्हणून त्याला मान्यता मिळाली. २००२ साली भुवयांमधील आठ्या घालवण्यासाठीही मिळाली. परिणाम काही महिनेच टिकतो. मग पुन्हा सुई.

विष तेच. म्हणून दोष वस्तूत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. देवाने निर्मिलेल्या सृष्टीत जंतूही आले आणि ते जाणणारी बुद्धीही. प्रश्न हेतूचा आहे. तिरळा डोळा सरळ होणे म्हणजे बरे होणे. पण आठी हा आजार आहे काय? जिथे आपण वर्षानुवर्षे हसलो, चिंतेत कपाळ आवळले, तिथेच त्वचा दुमडते. ती खूण पुसताना आपण रोग घालवतो की आपल्याच आयुष्याची लाज बाळगतो?

हे लिहिताना आम्ही संकोचतो, कारण काही वर्षे आम्हीही केसांना कलप लावून वेदीपुढे उभे राहत होतो. राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळी राख लावायची आणि स्वत:च्या डोक्यावरची राख मात्र लपवायची, ही विसंगती ध्यानात यायला आम्हांला वेळ लागला. तेव्हा कोणा भगिनीच्या मलमाच्या डबीकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हांला नाही. शिवाय सारा दोष उद्योगावर ढकलणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. उद्योग भीती विकतो हे खरे. पण म्हाताऱ्या माणसाला घराच्या कोपऱ्यात बसवून, त्याचे बोलणे अर्ध्यावर तोडून ती भीती पेरतो कोण? आपणच.

आजाऱ्याला तैलाभ्यंग देताना आम्ही कपाळाला व हातांना तेल लावतो. पवित्र सप्ताहात महागुरूंनी आशीर्वादित केलेले ते तेल असते. त्याने एकही सुरकुती मिटत नाही. परंतु बोट कपाळावरून फिरताना मिटलेल्या पापण्या कित्येकदा ओलावतात. अनेक दिवसांत त्या चेहऱ्याला कोणी मायेने स्पर्शच केलेला नसतो, हे मग उमगते.

आपल्या घरात असा एखादा चेहरा असेल. त्याला महागड्या मलमाची गरज नसावी. आज त्याच्यापाशी घटकाभर बसावे.