बिनवजनाचा रंग

रंगाला वजन असतं. ओझरच्या मिग कारखान्यात पेंट शॉपला लागलो तेव्हा सगळ्यांत आधी हे शिकलो आणि पुढे नवीन पोरांना तेच शिकवत राहिलो. विमानाच्या पंखांना, शेपटीला जे हलते भाग असतात त्यांच्यावर एखादा थर जास्त बसला की त्यांचा तोल बिघडतो. असा भाग वेगात असताना थरथरायला लागला तर तो विमान मोडू शकतो. म्हणून रंग दिल्यावर हे भाग पुन्हा तोलून बघायचे. नाकातल्या शंकूची तऱ्हा वेगळी. त्याच्या आत रडार, आणि रडारच्या लहरींना बाहेर पडायला वाट हवी. तिथे धातूची पूड असलेला रंग चालत नाही. शोभा वगैरे शब्द आमच्या शॉपमध्ये कुणी वापरत नसे. आधी पिवळट हिरवा प्रायमर, मग रंग, मग स्टेन्सिलने अक्षरं, आणि इन्स्पेक्शनवाला येऊन नखाने खरवडून बघणार.

आता सत्तरीत मी बिनवजनाचा रंग देतो. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने सुट्टीत आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर डीसीएस नावाचं उड्डाणाचं सिम्युलेटर टाकलं आणि त्यात मिग-२१ बिस दाखवलं. मी म्हटलं, हे तर आपलंच. ओझरला आधी एफएल झाली, मग एम, मग ऐंशीच्या दशकात बिस. नातू म्हणाला, "आजोबा, याला नवा रंगही देता येतो." मुलं त्याला स्किन म्हणतात, जरा जाणती मंडळी लिव्हरी म्हणतात. त्या दिवसापासून माझी दुपारची झोप गेली.

काम असं असतं. विमानाचं अख्खं अंग एका चौकोनी चित्रावर उलगडून ठेवलेलं असतं, शिंप्याने कापड बेतून ठेवावं तसं. एकेका बाजूला ४०९६ ठिपके. एका कोपऱ्यात उजवी कूस, दुसऱ्यात पंखाची खालची बाजू, मधेच कुठेतरी एक सुटी झडप. पाठीवरचा हिरवा पट्टा या तुकड्यावर संपतो आणि भलत्याच तुकड्यावर पुढे सुरू होतो. सांधा जुळला नाही तर विमानावर पट्टा तुटलेला दिसतो. रंगाच्या चित्राच्या जोडीला आणखी एक चित्र लागतं, पृष्ठभाग कसा आहे हे सांगणारं. त्यात लाल रंग म्हणजे खाचाखोचांतली सावली, हिरवा म्हणजे खरखरीतपणा, निळा म्हणजे धातूपणा. उघडं ॲल्युमिनियम हवं असेल तर तिथे निळा भरपूर ओतायचा. आयुष्यभर पत्र्यावर रंग दिला. पत्रा हाच एक रंग असतो हे म्हातारपणी कळलं.

सकाळी गोदाकाठी माझ्याबरोबर एक निवृत्त संस्कृत शिक्षक फिरायला येतात. त्यांना हे सांगितलं तर ते उभेच राहिले. म्हणाले, वैशेषिकांचा सगळा संसार मोडलात तुम्ही. त्यांच्या मते रंग हा गुण, आणि गुण द्रव्याच्या आधाराशिवाय राहूच शकत नाही. उलट द्रव्य मात्र उत्पन्न झाल्याच्या पहिल्या क्षणाला गुणाशिवाय असतं, असं नैयायिक मानतात. हे ऐकून मला हसू आलं, कारण आमचा कॉम्प्युटर जुना आहे. विमान धावपट्टीवर आधी धूसर, बिनरंगाचं येतं, आणि जरा वेळाने त्यावर रंग उमटतो. नैयायिकांना हवा असलेला तो क्षण आमच्याकडे चांगला लांबतो.

पण त्यांच्या बोलण्यातला खरा पेच दुसरा होता. विमान जवळून बघायला नातवाने मला वेगळी खिडकी उघडून दिली आहे. त्यात नजर पुढे नेत नेत पत्र्याच्या आत शिरलं की विमान नाहीसं होतं. फासळ्या नाहीत, इंधनाच्या टाक्या नाहीत, तारांचे जुडगे नाहीत. कवच फक्त बाहेरून दिसतं, आतून तेही नाही. मग मी रंग देतो तो कशावर? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्याची सुरुवातच अध्यासाने केली आहे: पूर्वी पाहिलेलं आठवणीच्या रूपाने भलत्याच ठिकाणी भासणं. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, लिव्हरीची याहून नेमकी व्याख्या पेंट शॉपच्या कुठल्याही पुस्तकात नाही. जुना फोटो पाहायचा आणि तो भलत्याच आकारावर चढवायचा, एवढंच तर मी करतो. पण आचार्यांची अट अशी की भास व्हायला खाली काहीतरी खरं लागतं. साप दिसायला दोरी हवी. शून्यवादी म्हणाले, नसली तरी चालेल. "तुमचं पोकळ विमान शून्यवाद्यांच्या बाजूने साक्ष देतंय," मास्तर म्हणाले.

मला ते पटलं नाही. रंगाच्या खाली पत्रा नाही हे कबूल, पण रंगाच्या मागे आहे. तो ओझरच्या हँगरमध्ये उभा होता आणि त्याला माझा हात लागला आहे. माझ्या चित्राची दोरी स्क्रीनच्या आत शोधली तर सापडणार नाही. ती चाळीस वर्षांमागे पडलेली आहे. आणि म्हणूनच तिच्याबद्दल खोटं बोलायची मला मुभा नाही.

हा शेवटचा मुद्दा घरात कुणालाच मान्य नव्हता. नातवाच्या ओळखीतला एक मुलगा आहे, हे लोक संध्याकाळी सिम्युलेटरवर मिळून उडतात. त्याला १९७१ च्या युद्धातली लिव्हरी हवी होती. तेव्हाची मिग-२१ एफएल उघड्या धातूच्या अंगाने आलेली, आणि युद्ध जवळ आल्यावर घाईघाईत त्यांच्यावर हिरवे-मातकट पट्टे चढवले गेले. हाताला येईल तसे दिले, त्यामुळे एका विमानाचा नमुना दुसऱ्याशी जुळत नाही. रंगाऱ्याला ती घाई फोटोतसुद्धा ओळखू येते. मुलाने नंबरही सांगितला. ज्या विमानाबरोबर वैमानिकही गेला, असं एक. मी नाही म्हटलं. सिम्युलेटरमधलं विमान बिस आहे. तिची पाठ जाड, पोटात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ बसवलेली. एफएलच्या अंगात तोफच नव्हती, लागली तर पोटाखाली पेटी टांगायचे. बिस तर भारतात युद्धानंतर आली. एकाच्या अंगावर दुसऱ्याचा नंबर कसा लिहू?

मुलगा बिचारा गप्प बसला. सौभाग्यवती गप्प बसल्या नाहीत. "अहो, सत्यनारायणाला आपण सुपारी मांडतो. तिला ना सोंड ना कान. तरी गणपती म्हणून तिच्यावर अक्षता टाकतोच की. त्या पोराने भक्तीने मागितलं तर तुमचं एवढं पाठीच्या जाडीवरून अडावं?"

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस त्रास दिला, कारण तो चुकीचा नाही. आपल्याकडे मूर्ती हुबेहूब असायची अट कधीच नव्हती. शेंदूर लावलेला दगड चालतो, कलश चालतो, नदीकाठची माती चालते. आवाहन केलं की देव येतो आणि विसर्जन केलं की जातो. आमच्या नाशकात तर राम काळाही आहे आणि गोराही आहे, पंचवटीत काळाराम आणि रामकुंडाजवळ गोराराम. दोघांत खरा कोणता असं विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि सप्तशृंगीचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. वणीच्या गडावर देवीच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या शेंदूर चढत गेला होता. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे बंद ठेवून तो काढला. शेकडो किलो निघाला. मी पेंट शॉपचा माणूस, मला त्या वजनाचंच नवल. आतून देवीचं जुनं रूप बाहेर आलं, डोळे वेगळे, चेहऱ्याची ठेवण वेगळी. नवरात्रात आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा रांगेत पुढच्या बाई म्हणाल्या, ही आमची आई वाटतच नाही. त्यांच्यामागची तरुण मुलगी म्हणाली, आता कुठे आई दिसली. दोघींनीही ओटी भरली. देवीला त्या दोघींत निवड करायची गरज पडली नाही.

मग विमानालाच ही सक्ती का? मी जे उत्तर काढलं ते मास्तरांना अर्धवट वाटतं, मला पुरतं. देवाला स्वतःचं असं एक रूप नाही, म्हणून त्याला कुठलंही चालतं. सुपारी गणपतीबद्दल खोटं सांगू शकत नाही, कारण गणपती असाच दिसतो असा तिचा दावाच नाही. ते विमान आणि त्यातला माणूस मात्र एकदाच झाले, एकाच रूपात. त्यांना बोलावल्यावर ते येऊन आपली ओळख पटवून देऊ शकत नाहीत. जो येऊ शकत नाही त्याच्या बाबतीत सगळा भार चित्रावर पडतो. तिथे भक्ती असली तरी पाठीची जाडी मोजावीच लागते.

मास्तरांनी यावर लगेच बोट ठेवलं. एकच रूप कुठे होतं? ओव्हरहॉलला आलेल्या विमानाचा रंग आम्हीच उतरवायचो. करड्याच्या खाली हिरवं, हिरव्याच्या खाली आणखी काही. इंजिन बदललेलं, पंख दुरुस्त झालेला, आणि नंबर तोच. बौद्ध म्हणतील, दर क्षणाला वेगळं विमान आणि नंबर म्हणजे नुसती सोय. हे मात्र मी मुकाट्याने मान्य केलं, आणि त्यातून कामाची एक शिस्त निघाली. नुसत्या नंबरची लिव्हरी करायची नाही, नंबर आणि काळ दोन्ही हवेत. अमुक नंबर, अमुक वर्षाचा पावसाळा. फोटोवर तारीख नसेल तर मी हात लावत नाही. सिम्युलेटरची मुलं याला म्हातारचळ म्हणत असतील.

मळाबद्दल आमचं पटत नाही ते वेगळंच. मुलांना विमान मळकं हवं असतं. तोफेच्या तोंडाशी काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, पंखाच्या मुळाशी बुटांचे ठसे. आयुष्यभर मी विमान स्वच्छ करून पाठवलं, मळवणं हे स्क्वाड्रनवाल्यांचं काम. तरी बुटांचे ठसे मी आवडीने काढतो, कारण ते वैमानिकाचे नसतात. ते फिटरचे, शस्त्रं भरणाऱ्यांचे, आमच्यासारख्यांचे. काजळी काढताना मात्र हात अडखळतो. तोफ अजून एकदाही उडाली नाही आणि काजळी आधीच तयार. कर्माच्या आधी फळ! संध्याकाळी तेच विमान डोंगरावर आपटतं, जळतं, आणि दुसऱ्या मिनिटाला तीच काजळी, तेच ठसे घेऊन धावपट्टीवर उभं. पुनर्जन्म आहे, पण मागचं काहीच फिटलेलं नाही आणि पुढे काहीच साचत नाही. गंमत म्हणजे आत बसून उडवणाऱ्याला स्वतःच्या विमानाचा रंग जवळजवळ दिसतच नाही. तो दिसतो मागून येणाऱ्याला.

त्या मुलाला मी हे शेवटचं सांगितलं. त्याने हवा असलेला नंबर लावला असता तर तो दर संध्याकाळी जळला असता. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की हवाई दलाच्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले. त्यांतली किती आमच्या हाताखालून गेली असतील याचा हिशोब मी केलेला नाही आणि करणार नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप झाला, तो टीव्हीवर पाहिला. खेळू नये असं माझं म्हणणं नाही. मीही खेळतो, आणि उतरताना निम्म्या वेळा चाकं मोडतो. पण मेलेल्या माणसाचा नंबर करमणुकीत पुन्हा पुन्हा जाळायला मी हातभार लावणार नाही. ज्याचा वैमानिक सुखरूप घरी गेला आणि जे म्हातारं होऊन निवृत्त झालं, असं विमान आण. अट फक्त एवढी की ते बिस असावं.

त्याने आणलं. ऐंशीच्या दशकातला फोटो, तारखेसकट, चाकांच्या हिरव्या तबकड्या स्पष्ट, नंबर वाचता येतो. ते विमान ओझरचंच. पट्टे जुळवून झाले, खालची निळसर बाजू झाली. आता शेपटीच्या शेंड्यावर गाडी अडली आहे. फोटोत तो काळा दिसतो आणि मुलगा म्हणतो, काळाच होता. मी म्हणतो हिरवा होता, गडद हिरवा. फोटो उन्हाकडे तोंड करून काढलाय म्हणून काळा वाटतो. नातवाने दोन्ही करून ठेवले आहेत आणि दोघांनाही फोनवर तुमचाच बरोबर म्हणून सांगतो.